कोलकात्यात विसरलेले विमान आणि विलीनीकरणांचा लांबलेला हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावरून एक बोइंग ७३७-२०० विमान ट्रेलरवर चढवून रस्त्याने बंगळूरुकडे रवाना करण्यात आले. त्याची नोंदणी व्हीटी-ईएचएच अशी होती. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात ते १९८२ मध्ये आले, १९९८ मध्ये अलायन्स एअरकडे गेले, २००७ मध्ये मालवाहू होऊन एअर इंडियाच्या नावावर आले आणि भारतीय टपाल खात्याची पत्रे व पार्सले वाहू लागले. २०१२ मध्ये कोलकात्याला उभे केल्यानंतर ते तेथून हलले नाही. विमानतळ प्रशासनाने जेव्हा कंपनीला आपले विमान हलवण्यास सांगितले, तेव्हा हे विमान आपले आहे हे कंपनीलाच ठाऊक नसल्याचे निष्पन्न झाले. जुने विमान विकणे ही नेहमीची बाब असली, तरी हे विमान आपल्या मालकीचे असल्याचे आपल्याला अगदी अलीकडेपर्यंत माहीत नव्हते, अशी कबुली एअर इंडियाचे प्रमुख कॅम्पबेल विल्सन यांनी कर्मचाऱ्यांना उद्देशून लिहिलेल्या मजकुरात दिली. तेरा वर्षांचे पार्किंगचे भाडे सुमारे एक कोटी रुपयांवर गेले होते.

ही बातमी बहुतेकांनी हसून सोडून दिली. माळ्यावरचे पितळी घंगाळ विसरावे तसे शंभराहून अधिक आसनांचे विमान विसरणारी कंपनी पाहून हसू येणे स्वाभाविकच आहे. पण हे विमान ज्या फटीत पडले ती फट एकदम पडलेली नव्हती. भारतातील विमान कंपन्या वारंवार एकमेकींत मिसळल्या, आणि दर वेळी ताफा, नोंदवह्या, वैमानिकांच्या ज्येष्ठतेच्या याद्या आणि दुरुस्तीची हँगरे यांची जोडणी मागे राहून गेली. व्हीटी-ईएचएचने तीन मालकांची नावे अंगावर वागवली, आणि तिसऱ्या नावावर येताना ते नोंदीतून गळाले.

या प्रकरणाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डकोटा विमानांपासून करावी लागते. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराची शिल्लक राहिलेली डग्लस डीसी-३, म्हणजेच डकोटा, विमाने भारतात अत्यल्प दरात मिळू लागली, आणि पाहता पाहता अनेक भांडवलदार व संस्थानिक या धंद्यात उतरले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीच्या मालकीची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया मुंबईत होती, निजामाच्या सरकारचा सहभाग असलेली डेक्कन एअरवेज हैदराबादेत होती, बिर्लांची भारत एअरवेज कोलकात्यात आणि बिजू पटनाईकांची कलिंग एअरलाइन्स ओडिशात होती. टाटांची एअर इंडिया या सर्वांत जुनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, त्या टपालसेवेतून ती वाढली होती. कंपन्या जास्त आणि प्रवासी कमी अशी अवस्था लवकरच झाली. अंबिका एअरलाइन्स आणि ज्युपिटर एअरवेज तर त्या गर्दीतच बुडाल्या. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५० मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने, वाहतुकीला पेलवतील त्यापेक्षा अधिक कंपन्यांना परवाने दिले गेले, असे सांगितले आणि राष्ट्रीयीकरणाची घाई न करता कंपन्यांची संख्या कमी करण्याकडे कल दाखवला.

सरकारने मात्र राष्ट्रीयीकरणाचा मार्ग धरला. दळणवळण मंत्री जगजीवन राम यांनी मांडलेला हवाई निगम कायदा १९५३ मध्ये संमत झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑगस्टला आठ कंपन्यांच्या देशांतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभे राहिले. परदेशी उड्डाणे एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली, आणि राष्ट्रीयीकरणाला विरोध केलेले जे. आर. डी. टाटाच १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष होते. इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला ९९ विमाने आली आणि त्यांपैकी ७४ डकोटा होत्या. बाकी १२ व्हायकिंग, तीन डीसी-४ आणि किरकोळ लहान विमाने. ही आपल्या इतिहासातील पहिली मोठी विलीनीकरणाची घटना, आणि तिच्यातून पुढच्या सगळ्या विलीनीकरणांचा नमुना ठरून गेला: नव्या कंपनीला पहिल्याच दिवशी जुनी विमाने, वेगवेगळ्या पद्धतीने शिकलेले वैमानिक आणि वेगवेगळ्या पगाराचे कर्मचारी मिळाले, आणि ताफा नवा करण्याचे काम मात्र पुढच्या दशकावर गेले. व्हायकाउंट विमाने १९५७ मध्ये आली. फॉकर फ्रेंडशिप १९६० च्या दशकात आले, पण डकोटा त्यानंतरही बरीच वर्षे उडत राहिल्या.

या डकोटांनी नागपूरला एक वेगळेच स्थान मिळवून दिले होते. १९४९ च्या आरंभी सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान ज्या शहरातून आले तिकडे परतीच्या वाटेला लागे. रात्री टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या टोकाच्या महानगरात पोहोचे. आज ज्याला हब म्हणतात ती कल्पना नागपूरने युद्धातून उरलेल्या दुइंजिनी विमानांच्या बळावर चालवली, आणि ती राष्ट्रीयीकरणानंतरही चालू राहिली.

दोन निगम दोन वेगळ्या दिशांनी वाढले आणि त्यांच्या ताफ्यांचा स्वभावही वेगळा झाला. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणले आणि १९६२ मध्ये संपूर्ण ताफा जेट असलेली ती जगातली पहिली विमान कंपनी ठरली. १९७१ मध्ये आलेल्या ७४७ विमानांच्या खिडक्यांभोवती झरोक्यांची रंगीत महिरप काढलेली असे. त्यांपैकी पहिले, ‘सम्राट अशोक’, १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले, ही गोष्ट मुंबईतील त्या पिढीच्या लक्षात आहे. इंडियन एअरलाइन्सने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ७३७-२०० घेतली, मग एअरबस ए३०० आणि १९८९ पासून ए३२० घेतली. इंडियन एअरलाइन्सची ए३२० जगात वेगळी ओळखू येत असत. इतर कंपन्यांच्या ए३२० ला मुख्य चाकांच्या प्रत्येक पायाशी दोन चाके असतात, तर भारतातील खडबडीत धावपट्ट्यांवर वजन पसरावे म्हणून या विमानांना प्रत्येक पायाशी चार चाके बसवून घेतली होती. विमान उतरताना चाकांच्या त्या दुहेरी जोड्या खाली येताना पाहिल्या की हे कोणाचे विमान ते रंग न पाहताही सांगता येई. हीच विमाने जवळजवळ पाव शतक राबली.

येथे विमानाचे वय म्हणजे नेमके काय, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण सार्वजनिक चर्चेत ते वर्षांनीच मोजले जाते. विमान वर चढते तसा आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवावा लागतो, त्यामुळे धडाचा पत्रा फुग्यासारखा किंचित ताणला जातो. खाली उतरल्यावर तो पुन्हा सैल होतो. दर उड्डाणाला असा एक ताण-सैल होतो, व्यवसायात त्याला सायकल म्हणतात, आणि धातू शिणतो तो या सायकलींनी, कॅलेंडरच्या पानांनी नव्हे. मुंबई ते लंडन जाणारे विमान नऊ-दहा तासांत एक सायकल पुरी करते, तर मुंबई, औरंगाबाद, उदयपूर अशा छोट्या टप्प्यांवर धावणारे विमान तेवढ्याच वेळात चार-पाच. त्यामुळे एकाच वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेली दोन विमाने वीस वर्षांनी सारखीच म्हातारी असतात असे नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० चे छत उड्डाणातच उचकटले गेले आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, तेव्हा ते विमान एकोणीस वर्षांचे होते, पण बेटांमधल्या वीस-तीस मिनिटांच्या फेऱ्यांमुळे त्याच्या नावावर ८९,६८० उड्डाणे जमा झाली होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्र्यांच्या जोडांना चिकटवणारा लेप सुटला होता आणि रिव्हेटांच्या छिद्रांभोवती बारीक चिरा धरल्या होत्या. त्या अपघातानंतरच जुन्या विमानांच्या तपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम जगभर उभा राहिला, आणि १९९१ मध्ये अमेरिकेने त्यासाठी कायदाच केला.

भारतात या प्रश्नाने १७ जुलै २००० रोजी पाटण्यात तोंड वर काढले. अलायन्स एअर ही इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी, १९९६ मध्ये स्थापलेली. इंडियन एअरलाइन्सने आपली जुनी ७३७-२०० विमाने तिच्याकडे सोपवली होती. त्यांपैकी एक पाटण्याला उतरताना शेजारच्या वस्तीवर पडले आणि ६० जणांचा बळी गेला. चौकशीत दोष उतरण्याच्या वेळी वैमानिकांनी विमान हाताळले त्यात दिसला, पण चर्चेचा सारा रोख ‘वीस वर्षांची जुनी विमाने’ याच्यावर राहिला. माझ्या मते दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. जुने विमान असुरक्षित असतेच असे नाही. पण ज्या संस्थेत नवे विमान दहा-दहा वर्षे येत नाही, तिथे पैसा, सुटे भाग आणि लक्ष या तिन्हींचा तुटवडा असतो आणि त्याचे ओझे देखभालीवर पडते. एअर इंडियाने १९९३ ते १९९६ या काळात सहा नवी ७४७-४०० घेतल्यानंतर पुढचे नवे मोठे विमान यायला २००७ उजाडले. इंडियन एअरलाइन्सनेही ए३२० च्या पहिल्या लाटेनंतर २००६ पर्यंत जवळपास काहीच मागवले नाही. त्या दशकात खासगी कंपन्यांनी कोरी विमाने आणली आणि प्रवासी तिकडे वळले.

आणि मग एकदम सगळे झाले. डिसेंबर २००५ मध्ये एअर इंडियाने बोइंगशी ६८ विमानांचा करार केला: आठ ७७७-२००एलआर, पंधरा ७७७-३००ईआर, सत्तावीस ७८७ आणि एअर इंडिया एक्सप्रेससाठी अठरा ७३७-८००. काही आठवड्यांतच इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३ विमानांची मागणी नोंदवली. म्हणजे एकूण १११ विमाने, दोन कारखान्यांकडून, दोन कंपन्यांनी, दोन वेगवेगळ्या योजनांखाली. १ मार्च २००७ रोजी मंत्रिमंडळाने या दोन कंपन्यांचे विलीनीकरण मंजूर केले. ही बाब नीट उलगडून पाहिली की वैताग आल्याशिवाय राहत नाही: लग्न ठरण्याच्या वर्षभर आधी दोन्ही घरांनी आपापला वेगळा संसार विकत घेतला होता. एकत्र खरेदी केली असती तर विमानांच्या जाती कमी झाल्या असत्या, सुटे भाग व प्रशिक्षण स्वस्त पडले असते, कारखान्याशी घासाघीस करता आली असती. ताफा आधी आणि विलीनीकरण नंतर, हा क्रमच उलटा होता, आणि २०११ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी कर्ज काढून केलेल्या खरेदीवर आणि विलीनीकरणाच्या वेळेवर कडक शब्दांत ठपका ठेवला.

विलीनीकरणाचे बाह्य रूप मात्र देखणे होते. एअर इंडियाच्या शेपटीवर लाल रंगाचा उडता हंस आला आणि त्याच्या अंगावर इंडियन एअरलाइन्सचे कोणार्कचक्र बसवण्यात आले. नव्या कंपनीचे नाव नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड असे जड ठेवले होते, ते २०१० मध्ये पुन्हा एअर इंडिया झाले. आतून मात्र दोन घरे तशीच राहिली. एअर इंडियाचे मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला, इंडियन एअरलाइन्सचे दिल्लीत. एकीचे वैमानिक इंडियन पायलट्स गिल्डचे, दुसरीचे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनचे. दोघांचे पगार, भत्ते, बढतीचे नियम वेगळे, आणि वैमानिकाच्या पेशात तर कोणत्या विमानावर उडायचे हे ज्येष्ठतेच्या यादीवर ठरते. ज्याने बारा वर्षे ए३२० चालवले, त्याला बोइंग चालवायचे तर वेगळे प्रशिक्षण व वेगळा परवाना लागतो. म्हणून दोन याद्यांची एक यादी करणे म्हणजे कोणाच्या तरी पुढे कोणाला तरी बसवणे.

या गाठी सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये समिती नेमली गेली आणि २०१२ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला. तो येऊन चार महिने होतात न होतात तोच मे २०१२ मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी संप पुकारला. कारण होते नव्या ७८७ विमानांचे प्रशिक्षण. ती विमाने एअर इंडियाने मागवली, मग त्यांच्यावर इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का बसवायचे, हा प्रश्न होता. संप ५८ दिवस चालला. विलीनीकरणाला पाच वर्षे झाली असताना, जी विमाने अजून भारतात यायची होती, त्यांच्या कॉकपिटमधल्या खुर्च्यांवरून हा संघर्ष झाला, यावरून कागदावर एक झालेल्या कंपनीची अवस्था समजते. त्याच वर्षी केंद्र सरकारने कंपनीला अनेक वर्षांत मिळून ३०,२३१ कोटी रुपये भांडवल देण्याची योजना आखली. ७८७ सप्टेंबरमध्ये आली आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या दोषामुळे जगभर जमिनीवर बसली. पुढे हौसेने घेतलेल्या आठपैकी पाच ७७७-२००एलआर अबुधाबीच्या एतिहादला विकाव्या लागल्या.

त्याच काळात खासगी कंपन्यांतही विलीनीकरणाची हवा होती, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. जेट एअरवेजने २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटींना घेतली आणि तिचे नाव जेटलाइट ठेवले. किंगफिशरने एअर डेक्कन चालवणारी डेक्कन एव्हिएशन ही कंपनी घेतली, त्यामागे एक नियम होता: परदेशी उडायचे तर देशांतर्गत पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने असावी लागत. किंगफिशरकडे पुरेशी वर्षे नव्हती, एअर डेक्कनकडे होती. स्वस्त तिकिटांसाठी सजलेली टर्बोप्रॉप विमाने अशा प्रकारे महागड्या सेवेच्या कंपनीत आली. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. दोन्ही ठिकाणी विमानांची मालकी प्रामुख्याने भाडेपट्टा कंपन्यांची असल्याने ती विमाने थोड्या काळात परत नेली गेली, आणि मागे राहिले ते थकलेले पगार.

विलीनीकरणातून जुनी विमाने येतात, हे दुर्दैवच असते असे मात्र नाही. अमेरिकेतील डीसी-९ ची कथा त्या बाबतीत बोलकी आहे. नॉर्थ सेंट्रल आणि सदर्न या दोन कंपन्या १९७९ मध्ये एकत्र येऊन रिपब्लिक झाली, पुढच्या वर्षी तीत ह्यूज एअरवेस्ट मिसळली, १९८६ मध्ये रिपब्लिक नॉर्थवेस्टमध्ये गेली आणि २००८ मध्ये नॉर्थवेस्ट डेल्टात. या प्रवासात डीसी-९ विमानांवरची नावे बदलत गेली, पण विमाने तीच. शेवटची डीसी-९ डेल्टाने जानेवारी २०१४ मध्ये निवृत्त केली. या विमानांचे हप्ते कधीच फिटलेले होते. म्हणजे उभ्या विमानाचा खर्च नाममात्र, तर नव्या विमानाचा हप्ता दर महिन्याला, मग ते उडो वा न उडो. जुन्या विमानाला इंधन जास्त लागते हे खरे, पण इंधन उडल्यावरच लागते. म्हणून पहाटे व संध्याकाळी गर्दी, दुपारी रिकामे, अशा मार्गावर जुने विमान नफा देऊ शकते. डेल्टाने हा हिशेब डोळे उघडे ठेवून केला. तिच्या दुरुस्तीच्या कार्यशाळा, सुटे भाग आणि तज्ज्ञ मनुष्यबळ घरचे होते. एअर इंडियात जुने विमान टिकले ते हिशेबातून नव्हे, नवे घ्यायला पैसा नव्हता म्हणून, आणि फरक तिथेच आहे.

८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा सन्सच्या टॅलेस या कंपनीची १८,००० कोटींची बोली स्वीकारली गेली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. बोलीतले १५,३०० कोटी कर्जाच्या रूपात होते. उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज सरकारच्याच दुसऱ्या कंपनीवर टाकले गेले. एअर इंडियाकडे ११७ आणि एक्सप्रेसकडे २४ विमाने होती, पण त्यांपैकी बरीच उडण्याच्या स्थितीत नव्हती. एका विमानाचे इंजिन वा भाग काढून दुसऱ्याला बसवत जुने दिवस ढकलले गेले होते. या विक्रीत एक उलटी गोष्टही झाली, जी चर्चेत फारशी आली नाही: विमाने दुरुस्त करणारी एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस आणि अलायन्स एअर विक्रीतून वगळून सरकारकडेच ठेवण्यात आल्या. नागपूरच्या मिहानमधले देखभाल केंद्र बोइंगने २००५ च्या त्या खरेदीच्या बदल्यातील अटीनुसार बांधून दिले आणि २०१५ मध्ये सुरू झाले. ते या इंजिनिअरिंग कंपनीकडेच राहिले. म्हणजे विमाने टाटांची आणि ती तपासणारी हँगरे सरकारची. नरिमन पॉइंटची समुद्राकाठची इमारतही स्वतंत्रपणे १,६०१ कोटींना महाराष्ट्र शासनाने घेतली.

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी टाटांनी ४७० विमानांची मागणी जाहीर केली, २५० एअरबस आणि २२० बोइंग. या वेळी निदान दोन कारखान्यांकडची मागणी एकाच कंपनीने केली होती. तरीही नवी विमाने कारखान्यातून येईपर्यंत मधली वर्षे भरून काढायची होती, आणि त्यासाठी ज्या विमानांची निवड झाली त्यात नियतीचा थोडा विनोद आहे. डेल्टाने २०२० मध्ये निवृत्त केलेल्या पाच ७७७-२००एलआर एअर इंडियाने भाड्याने आणल्या, म्हणजे ज्या जातीची पाच विमाने याच कंपनीने दशकभरापूर्वी एतिहादला विकली होती तीच जात. त्यांतली आसने डेल्टाने लावलेली होती आणि ती एअर इंडियाच्या मूळ आसनांपेक्षा बरी असल्याने प्रवासी तीच विमाने मुद्दाम शोधू लागले.

दरम्यान विलीनीकरणाचा नवा हंगाम सुरू झाला होता. टाटांकडे चार विमान कंपन्या जमल्या होत्या. त्यांपैकी एअरएशिया इंडियातून आलेली एआयएक्स कनेक्ट ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये १ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या भागीदारीतील विस्तारा ही एअर इंडियात १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीन झाली. सिंगापूर एअरलाइन्सला नव्या कंपनीत २५.१ टक्के हिस्सा मिळाला. विस्ताराची ७० विमाने तुलनेने नवी होती, सात ७८७-९ आणि बाकी ए३२० कुटुंबातली. प्रवाशांचा विस्तारावर जीव होता, म्हणून तिची विमाने ओळखू यावीत यासाठी उड्डाण क्रमांकापुढे दोनचा आकडा लावण्याची युक्ती केली गेली. यूके ९५५ हे उड्डाण एआय २९५५ झाले. प्रवासी तिकीट काढताना आधी तो दोनचा आकडा शोधू लागले, आणि एका कंपनीच्या पोटात दुसरी तशीच उभी असल्याचे त्यावरून दिसले. विस्ताराच्या वैमानिकांची नाराजी विलीनीकरणाआधीच उफाळली होती: नव्या वेतनरचनेत हमीच्या उड्डाणाचे तास ७० वरून ४० वर आणण्यात आले आणि एप्रिल २०२४ मध्ये विमानेच रद्द करावी लागली. २००७ च्या तुलनेत यात मुख्य फरक एवढाच की या वेळी वैमानिकांच्या ज्येष्ठतेचा तिढा विलीनीकरणाआधी चर्चेला आला.

त्याच महिन्यात, २२ एप्रिल २०२४ रोजी, एअर इंडियाचे व्हीटी-ईव्हीए हे ‘आग्रा’ नावाचे ७४७-४०० मुंबईहून अमेरिकेतील प्लेनफिल्डला जाण्यासाठी उडाले. वर चढताना वैमानिकाने पंख डाव्या-उजव्या बाजूंना हलवून निरोप घेतला आणि कलिना, सांताक्रूझच्या परिसरात त्याचे व्हिडिओ काढणाऱ्यांची गर्दी झाली. ते विमान भंगारासाठी, सुट्या भागांसाठी गेले. यानंतर पंधरा महिन्यांनी जुलै २०२५ मध्ये ७८७-८ जातीचे एक विमान अमेरिकेलाच, कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला गेले, पण ते नव्या आसनांसह परत येण्यासाठी. मधल्या जून महिन्यात त्याच जातीचे विमान अहमदाबादेत उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळून २६० जण मरण पावले होते. ते विमान अकरा वर्षांचे होते. प्राथमिक अहवालाने इंधन बंद करणाऱ्या कळांची हालचाल नोंदवली, तरी सार्वजनिक चर्चा पुन्हा ‘जुनी विमाने’ या शब्दांभोवती फिरू लागली, पाटण्यानंतर फिरली तशीच.

व्हीटी-ईएचएच आता बंगळूरुला देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणार आहे.